सोलरचं पाणी सकाळी कोमट का?

प्रश्न: पुण्यात गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, संध्याकाळी हात भाजेल इतकं गरम पाणी येतं पण सकाळी ६ ला नुसतं कोमट, टाकी बदलू का?

उत्तर: थांबा हो, आधी रात्री कोण वापरतंय ते बघा. जेवढं गरम काढाल तेवढं गार खालून टाकीत शिरतं. २०० लिटर २० वरून ६० डिग्रीला नेलं म्हणजे साधारण ९ युनिट उष्णता साठली, पफ (टाकीभोवतीचा उष्णता धरून ठेवणारा फोम) चांगला असेल तर ती एका रात्रीत एवढी उडत नाही.

दुसरं उत्तर: पाइपला इन्सुलेशन आहे का? नसेल तर पहिली बादली गारच येणार.

प्रश्नकर्ता: पाइप उघडाच आहे, आणि भाडेकरू रात्री भांडी त्याच पाण्याने घासतात 😀

उत्तर: मग टाकी कशाला बदलता! बॅकअप कॉइल (टाकीतला विजेचा हीटर) असेल तर पहाटेचा टायमर लावा.