पोर्तुगाल नऊ वर्षांत आत, तुर्कस्तान अजून उंबरठ्यावर: असे का?

अंत्रुजकर (फोंडा):
आमच्या वाड्यावरच्या एका मुलाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि तो सध्या डब्लिनला एका गोदामात कामाला आहे. पासपोर्ट एका देशाचा आणि नोकरी दुसऱ्याच देशात, याचे त्याच्या आजीला अजून नवल वाटते. युरोपीय संघातल्या एका देशाचा नागरिक संघातल्या दुसऱ्या देशात नोकरी करू शकतो, हे तिला समजावता समजावता मलाच प्रश्न पडला. पोर्तुगालने १९७७ मध्ये अर्ज केला आणि १ जानेवारी १९८६ रोजी तो स्पेनबरोबर तेव्हाच्या युरोपीय समुदायाचा, म्हणजे आजच्या संघाचा, सदस्य झाला. तुर्कस्तानचा अर्ज १९८७ चा आहे आणि त्याचे भिजत घोंगडे तसेच पडले आहे. प्रवेश अटींवर मिळतो की मर्जीवर? आणि वाटाघाटी म्हणतात त्या नेमक्या कशाच्या होतात?

म्हापशाचा मास्तर:
‘वाटाघाटी’ या शब्दानेच घोटाळा होतो. युरोपीय संघाने आजवर केलेला सगळा कायदा उमेदवार देशाला जसाच्या तसा स्वीकारावा लागतो. घासाघीस होते ती फक्त कोणता नियम कधीपासून लागू करायचा आणि कुठे मुदतवाढ मिळणार, एवढ्यापुरती. हा कायदा ३५ प्रकरणांत विभागलेला आहे. त्यात मासेमारीचे वेगळे प्रकरण आहे, सरकारी खरेदीचे वेगळे, न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्कांचे वेगळे. प्रत्येक प्रकरण उघडायला आणि मिटवायला सर्व सदस्य देशांचे एकमत लागते, आणि शेवटी प्रवेशाचा करार युरोपीय संसदेबरोबरच प्रत्येक सदस्य देशाकडूनही मान्य व्हावा लागतो.

पोर्तुगालच्या वेळी हा डोंगर बराच लहान होता. १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपली होती आणि नवी लोकशाही टिकावी ही इतरांचीही गरज होती. लोकशाही संस्था, स्पर्धेत टिकणारी बाजारव्यवस्था आणि सदस्यत्वाच्या जबाबदाऱ्या पेलण्याची क्षमता हे प्रवेशाचे निकष सदस्य देशांच्या कोपनहेगनच्या बैठकीत स्पष्ट शब्दांत मांडले गेले ते १९९३ मध्ये. त्यानंतर क्रोएशियाने २००३ मध्ये अर्ज केला आणि तो १ जुलै २०१३ रोजी आत आला.

डिचोलीची वकील:
मास्तरांनी एकमताचा उल्लेख ओझरता केला. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडे वडिलोपार्जित घर विकायचे तर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही सह्या लागतात. आमच्या आजोळच्या घराचे कागद तयार होते, गिऱ्हाईक तयार होते, आणि एका मामांनी विहिरीकडच्या बांधाचा जुना वाद उकरून सही चार वर्षे अडवली. विहिरीचा विक्रीशी काही संबंध नव्हता.

उत्तर मॅसेडोनियाचे असेच झाले. २००५ मध्ये तो उमेदवार ठरला, पण आपल्याच एका प्रांताचे नाव शेजाऱ्याने घेतले म्हणून ग्रीसने वाट अडवली. २०१९ मध्ये मॅसेडोनियाने देशाचे नावच बदलून ‘उत्तर मॅसेडोनिया’ केले, तर लगेच फ्रान्सने प्रवेशाची पद्धत आधी सुधारा म्हणून हात आखडता घेतला आणि २०२० मध्ये बल्गेरियाने भाषा व इतिहासाचा मुद्दा काढला. क्रोएशियालाही स्लोव्हेनियाने पिरानच्या आखातातील सीमेवरून खोळंबून ठेवले होते.

मडगावचा वाचक:
ताईंचा दाखला चपखल आहे, पण सही अडवणारा प्रत्येक वेळी नुसता आडमुठा असतो असे मला वाटत नाही. एकदा आत आलेल्या देशाला बाहेर काढण्याची तरतूदच करारात नाही; मतदानाचा हक्क स्थगित करायचा तरी आधी त्या देशाखेरीज बाकी सर्वांचे एकमत लागते. तेव्हा जोर लावायचा तो दारातच. शिवाय आत आल्यावरही सगळे लगेच हाती पडत नाही. २००४ मध्ये आलेल्या पूर्व युरोपातील देशांच्या कामगारांना जुने सदस्य सात वर्षांपर्यंत रोखू शकत होते. आयर्लंडने मात्र त्यांना पहिल्याच दिवसापासून येऊ दिले. पोर्तुगीज कामगारांनाही १९८६ नंतर काही वर्षे थांबावे लागले होते, हे आजींना जरूर सांगावे.

अंत्रुजकर (फोंडा):
सांगितले. सह्यांचा भाग त्यांना लगेच कळला, आणि त्यांनी एकच विचारले: मग तुर्कस्तानची सही कोणी अडवली?

डिचोलीची वकील:
एकट्याने नाही. मोठा अडसर सायप्रसचा. ते बेट १९७४ पासून दुभंगलेले आहे, २००४ मध्ये सायप्रस संघात आला आणि तुर्कस्तान त्याला मान्यताच देत नाही. तुर्कस्तानशी बोलणी सुरू झाली २००५ मध्ये. त्याने आपली बंदरे सायप्रसच्या जहाजांना खुली केली नाहीत म्हणून डिसेंबर २००६ मध्ये आठ प्रकरणे गोठवली गेली. पुढे तिथल्या न्यायालयांच्या आणि वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावरून शंका वाढल्या, आणि २०१८ मध्ये सदस्य देशांनी बोलणी ठप्प झाल्याचे लेखी मान्य केले. तोवर ३५ पैकी १६ प्रकरणे उघडली होती आणि मिटले होते एकच, विज्ञान व संशोधनाचे.