एका दिवसात उरकलेलं ट्रेनिंग
वर कोणीतरी म्हटलंय की जखमेला टाके घालायचं वर्कशॉप एकाच दिवसात आटपलेलं बरं. सोयीचं पडतं हो, पण हातात राहत नाही ना! 2006 चा एक अभ्यास आहे, 38 शिकाऊ सर्जन, बारीक रक्तवाहिन्या जोडायची तीच चार सेशन्स काहींना एकाच दिवशी दिली आणि बाकीच्यांना आठवड्याला एक, महिन्याभराने परत जोडायला लावलं तर आठवड्याला एकवाले सरस निघाले. गंमत म्हणजे सलग केलं की वाटतं जमलं, सुई नीट वळतेय, गाठ बसतेय, तिथेच फसायला होतं. औषधाच्या डोसच्या गणिताचंही तेच, शिकणाऱ्यांना स्लाइड परत परत दाखवण्यापेक्षा पुढच्या आठवड्यात वही मिटून सोडवायला लावा, कुरकुरतील, चुकतील, चुकू देत, फक्त बरोबर उत्तर तिथल्या तिथे सांगा.