बॉर्डरलँड्स ३ : मोठ्या गॅपनंतर परत आलो, जुन्या बंदुका बाद! काय करू? (बजेट १५००)

दांडियाबाजारी

नमस्कार मंडळी. २०१९च्या डिसेंबरात हा बंदुका लुटायचा गेम घेतला होता, तेव्हा पीसीवर फक्त एपिकच्या ऑनलाइन दुकानात मिळायचा. मोझ (माझं पात्र) लेव्हल ५०ला नेली, बँक भरून बंदुका साठवल्या आणि मग नोकरीपायी बडोदं सुटलं, गेमही सुटला. आता परत घरी आलोय. पीसी तोच जुना : जीटीएक्स १०६० सहा जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क.

उघडून बघतो तर सगळं बदललेलं. लेव्हलची हद्द ७२, मेहेम (कठीणपणाच्या पायऱ्या) ४ वरून ११ वर. हौसेनं मेहेम १० लावलं. समोर साधा एक सायको (किरकोळ शत्रू), त्याच्यावर माझ्या लाडक्या कट्समन बंदुकीचं अख्खं मॅगझिन रिकामं केलं, तर त्याची लाल पट्टी केसभर हलली. मग तो माझ्याकडे आला. पुढचं सांगत नाही.

तर प्रश्न असे. हीच मोझ पुढे न्यावी की नवीन पात्र सुरू करावं? जुन्या बंदुकांचा काही उपयोग आहे का? आणि १५०० रुपयांत कुठली डीएलसी (गेमचा वेगळा विकत मिळणारा भाग) घ्यावी? धाकटी बहीण इंदूरला असते, तिच्याबरोबर शनिवार-रविवार खेळायचंय. ती या गेमला अगदी नवीन आहे.

रावपुऱ्याचा रावण

झेन हे पात्र घे. विषय संपला.

ग्रेनेडची जागा सोडून दिली की दोन-दोन अ‍ॅक्शन स्किल एकदम लावता येतात, हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. क्लोन उभा करायचा, ड्रोन सोडायचा. दुसऱ्या डीएलसीतला सीइंग डेड क्लास मॉड (पात्राला लावायची वस्तू) मिळाला की शत्रूला न मारता किल स्किल चालू होतात. मी मेहेम १० एका हाताने खेळतो, दुसऱ्या हातात सेव-उसळची प्लेट असते. सीझन पास (डीएलसींचा गठ्ठा) दोन्ही घेऊन टाक, पुढेमागे लागतातच.

मकरपुरा_थर्डशिफ्ट

१०६० वर अजून कोण खेळतं रे? ३ सोड, ४ घे. सप्टेंबर २०२५ला आलाय, सगळे तिकडेच आहेत. मात्र त्याला कमीत कमी आरटीएक्स २०७० कार्ड आणि एसएसडी (वेगवान डिस्क) लागते, म्हणजे तुझा डबा चालणार नाही. मी दिवाळीत ५०६० बसवलं, सोबत नवीन पॉवर सप्लाय, नवीन मॉनिटर. एकदाच काय ते पैसे टाकायचे आणि मोकळं व्हायचं.

दांडियाबाजारी

दादा, बजेट पंधराशे लिहिलंय. शीर्षकातच आहे.

मकरपुरा_थर्डशिफ्ट

हो, वाचलं. मग थोडं थांब, साठव आणि घे. अर्धवट खर्च केला की दुप्पट लागतो.

वाघोडियारोडकर

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच झालं तर सेकंडहँड घेऊ नकोस एवढं सांगतो. मी इथल्याच एका दुकानातून घेतलं, 'साहेब, घरगुती वापराचं आहे' म्हणाला. उघडून पाहिलं तर थर्मल पॅड वितळून तेल सुटलेलं, पंख्याचं एक पातं तुटकं. नवरात्र संपायच्या आत कार्डही संपलं. परत गेलो तर पावती दाखवा म्हणे. पावती त्यानेच दिली नव्हती!

दांडियाबाजारी

काका, वाईट वाटलं. पण मी कार्ड घेतच नाहीये.

फतेगंजची_ताई

सरळ मुद्द्याचं लिहिते, कारण वर कुणी लिहिलेलं नाही.

तू गेम सोडलास त्यानंतर २३ एप्रिल २०२० ला मेहेम २.० आलं. आधी चारच पायऱ्या होत्या, त्या दहा झाल्या. शत्रूची ताकद तर वाढलीच, पण खरी गोम लुटीत आहे. ज्या मेहेम पायरीवर बंदूक पडते त्या पायरीचा आकडा तिच्या कार्डावर येतो आणि तिचा डॅमेज त्यानुसार असतो. तुझ्या कट्समनचं कार्ड उघडून बघ, तिथे मेहेमचा आकडाच दिसणार नाही. शिवाय ती ५० लेव्हलची. म्हणजे दोन्ही बाजूंनी मागे पडली. सायकोचा यात काही दोष नाही.

म्हणून आता लेजेंडरी (दुर्मिळ, भारी) बंदुका गोळा करत बसू नकोस. ७२ होईपर्यंत जे मिळेल ते वापर आणि विकून टाक. ग्रेव्हवॉर्ड या बॉसला पुन्हा पुन्हा मारून आज ५८ लेव्हलची भारी बंदूक मिळवलीस तरी ती दोन संध्याकाळींत मागे पडणार. मेहेम बंद ठेव नाहीतर खालच्या पायरीवर ठेव, वर चढलास तर एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) जास्त मिळतो पण प्रत्येक शत्रूला मारायला इतका वेळ जातो की हिशेब तोट्याचाच. ७२ झालास की मात्र मधल्या पायऱ्यांवर रेंगाळू नकोस, कारण तिथली लूट पुन्हा फेकावीच लागते. ओळखीचं कुणी मेहेम १० वर खेळत असेल तर त्याच्या गेममध्ये जा, एक बरी बंदूक उचल आणि तिच्यावर पुढचा संसार उभा कर.

आणि लेव्हलची हद्द वाढवायला डीएलसी लागत नाही. ७२ सगळ्यांना फुकट आहे.

माजी_बडोदेकर_पुणे

ताईंनी छान समजावलं, पण हे जे झालं ते मुळात बरोबर होतं का? माणसाने रात्री जागून अ‍ॅनॉइंटेड (खास जादा गुणाच्या) बंदुका मिळवायच्या आणि एका अपडेटने त्या भंगारात! लुटायचा गेम, आणि लुटलेलं टिकत नाही. मग लुटायचं कशाला? दुसऱ्या एका ऑनलाइन गेममध्ये (नाव घेत नाही) तर मी पैसे देऊन घेतलेली अख्खी मोहीमच पुढे कुलूपबंद झाली. तेव्हापासून मी या प्रकाराला हात लावत नाही.

रावपुऱ्याचा रावण

हात लावत नाही तर धाग्यावर काय करताय?

आणि जुन्या बंदुका चालत राहिल्या असत्या तर नवीन कुणी शोधल्या असत्या का? २०१९ला फ्लॅकर बंदूक आणि फ्लॅक या पात्राची अदृश्य होणारी बिल्ड (स्किलची जुळणी), दोनच गोष्टी सगळीकडे दिसायच्या. त्या नर्फ (कमजोर) झाल्या तेव्हाही असाच आरडाओरडा झाला होता.

माजी_बडोदेकर_पुणे

नर्फ वेगळं, सगळंच मोडीत काढणं वेगळं. सुरुवातीला तर मेहेम १० वर बंदुकांचा डॅमेज वाढायचा आणि अ‍ॅक्शन स्किलचा नाही. मोझवाले तिच्या आयर्न बेअर यंत्रात बसून नुसते खेळण्यातल्या गोळ्या झाडत होते. नंतरच्या पॅचमध्ये दुरुस्त केलं, पण ते आधी सुचायला नको?

सयाजीगंज_सायबर

+१ झेनला.

वाघोडियारोडकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सयाजीगंज_सायबर

बाकी २०२२च्या मे महिन्यात हा गेम एपिकवर आठवडाभर फुकट होता, तेव्हा मी घेतला. पैसे देऊन घेणाऱ्यांबद्दल सहानुभूती आहे. :)

दांडियाबाजारी

बहिणीनेही तेव्हाच घेतला, रोज ऐकवते. तुम्ही तरी नका.

ताई, खूप आभार. बँकेतली एकेक बंदूक उघडून बघितली, एकीवरही मेहेमचा आकडा नाही. आता बहिणीचं विचारतो. तिची लेव्हल १ आणि माझी ५०, एकत्र कसं खेळायचं? आणि गेम सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की तोवर चहा होतो.

फतेगंजची_ताई

गेम सुरू करताना 'कोऑपरेशन' निवड, 'कोऑपिटिशन' नको. मग लूट ज्याची त्याला वेगळी पडते आणि शत्रूही प्रत्येकाला आपापल्या लेव्हलप्रमाणे दिसतात. तुझी गोळी तिच्या शत्रूला एका फटक्यात उडवणार नाही. दुसऱ्यात लूट सगळ्यांत एकच, जो आधी उचलेल त्याची. बहीण-भावाने त्यात पडू नये.

वेळ लागण्याचं म्हणशील तर सेटिंगमध्ये डायरेक्टएक्स १२ असेल तर ११ करून बघ. आणि साध्या हार्ड डिस्कवर प्रत्येक ग्रहावर उतरताना थांबावं लागणारच. माझ्या मते डीएलसीपेक्षा आधी छोटी एसएसडी. गेमला ७५ जीबी सांगतात, डीएलसी धरून त्याहून जास्त लागते. १५०० मध्ये बसते का ते दुकानात विचार, हल्ली भाव रोज बदलतात.

मकरपुरा_थर्डशिफ्ट

एसएसडी घ्यायचीच तर एक टीबी एनव्हीएमई (मदरबोर्डवर बसणारी) घे. मी तीच घेतली.

वाघोडियारोडकर

त्याच्या मदरबोर्डवर स्लॉट आहे का ते तरी विचारा! अवांतर : एसएसडी घेताना पावती घ्या.

रावपुऱ्याचा रावण

डीएलसीचं कुणीच नीट सांगत नाहीये. पहिली हँडसम जॅकच्या कसिनोवाली, दुसरी बर्फातलं लग्न आणि ऑक्टोपससारखे हातपाय हलवणारे राक्षस, तिसरी वेस्टर्न, चौथी क्रीग या वेड्या पात्राच्या डोक्यातली. या चारही पहिल्या सीझन पासात. दुसऱ्या सीझन पासातल्या डिझायनर्स कटमध्ये प्रत्येक पात्राला चौथं स्किल ट्री मिळतं. दुसरी आणि डिझायनर्स कट, एवढ्या दोन पुरेत. सेल लागेपर्यंत थांब, पूर्ण किमतीला घेऊ नकोस. आणि झेन घे.

माजी_बडोदेकर_पुणे

गोष्टीसाठी तिसरी, बाउंटी ऑफ ब्लड. बाकीच्यांत नुसता गोंगाट आहे.

रावपुऱ्याचा रावण

हात लावत नाही म्हणणाऱ्यांना तिसरीची गोष्ट बरी माहीत!

माजी_बडोदेकर_पुणे

यूट्यूबवर बघितली. हघ्या (हलकं घ्या).

फतेगंजची_ताई

मेहेम १० ला जाशील तेव्हा एक लक्षात ठेव, हे वर सुटलं. तिथे चार मॉडिफायर (खेळ बदलणाऱ्या अटी) लागतात, सोप्यापासून अतिकठीणपर्यंत एकेक. ते पटत नसतील तर पुन्हा फिरवून घेता येतात. गॅलक्सी ब्रेन आलं तर ठेव, शत्रूंची डोकी फुगतात आणि डोक्यात मारलेली गोळी जास्त लागते. नेमबाजी बरी असेल तर त्यासारखं दुसरं नाही. रोग लाइट आलं तर लगेच बदल, त्यात खाली पडलास की उठायची संधीच मिळत नाही. आणि हा सगळाच ताप नको असेल तर सरळ ११ लाव. तिथे मॉडिफायर नाहीत, एक्सपी आणि लूट १० पेक्षा किंचित कमी, पण बंदुका १० च्याच दर्जाच्या पडतात. मी तर ११ वरच असते.

शिवाय गेममधलं मॉरिसचं काळ्या बाजाराचं मशीन दर आठवड्याला नवीन जागी असतं, त्यात लेजेंडरी मिळतात. कुठे आहे ते नेटवर सापडतं. ७२ झाल्यावर तिथे चक्कर मारायला विसरू नकोस.

सयाजीगंज_सायबर

वाचनखूण साठवली. मला ११ ला मॉडिफायर नसतात हे माहीतच नव्हतं, उगाच त्या पाठलाग करणाऱ्या जळक्या कवट्यांशी झगडत होतो.

रावपुऱ्याचा रावण

११ म्हणजे पळवाट. १० खेळतो तो खरा.

फतेगंजची_ताई

दिवसभर ऑफिस, संध्याकाळी मुलाचा अभ्यास, मग रात्री तासभर मिळतो. त्या तासात मला खरं-खोटं ठरवायचं नसतं.

दांडियाबाजारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीशी बोललो आणि ठरवलं. झेन नाही, डीएलसी नाही, एसएसडीही नाही. मोझ तशीच बँकेतल्या बंदुकांसकट ठेवतोय, विकायचा जीव होत नाही. मी नवीन अमारा घेऊन पहिल्या लेव्हलपासून सुरू करतोय. बहिणीने फ्लॅक घेतलाय, कारण त्याच्याबरोबर माकडासारखा जॅबर फिरतो आणि तो तिला आवडला. दोघं एकत्रच चढू, मेहेमला अजून खूप वेळ आहे. कोऑपरेशन मोडमध्ये दोन तास खेळलो, मस्त चाललं. फक्त तिच्या लॅपटॉपचा माइक इतका खरखरतो की ती 'मागे बघ' म्हणाली ते मला मेल्यावर कळलं. तर १५०० तिच्या हेडसेटवर जाणार.

रावपुऱ्याचा रावण

अमारा?! अरे, एवढा धागा झाला...

फतेगंजची_ताई

चांगलं केलंस. पुढे मेहेम १० ची बंदूक लागली तर निरोप टाक, मी रात्री दहानंतर असते. फक्त नवरात्रात विचारू नकोस.

मकरपुरा_थर्डशिफ्ट

हेडसेट १५०० चा घेऊ नकोस रे, कान दुखतात आणि महिन्याभरात वायर तुटते. वायरलेसच घे. माझा आहे तो सात-आठ हजारात मिळेल.