पाचही बोटं सारखी नसतात, मान्य, पण...

तळटीप
परवा मित्राशी चांगलंच वाजलं. विषय आर्थिक विषमता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पाचही बोटं सारखी नसतात, जो राबतो तो वर जातो, बाकीच्यांनी कुरकुर करू नये. मला नेहमीप्रमाणे भांडण संपल्यावर दोन तासांनी उत्तर सुचलं म्हणून इथे लिहितोय. बोटं सारखी नसतात हो, पण एखादं बोट कोपराएवढं लांब व्हायला लागलं तर आपण निसर्गनियम म्हणून गप्प बसतो का? डॉक्टरकडे पळतो.

२०२२ च्या जागतिक विषमता अहवालातले आकडे बघा. जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे एकूण संपत्तीचा ७६ टक्के वाटा आणि खालच्या निम्म्या लोकांकडे सगळे मिळून २ टक्के. माणशी हिशोब केला तर १९० पट फरक येतो. दिवसाचे तास मात्र दोघांनाही २४च, मग हा १९० पट राबतो कधी?

मेहनत हे कारण आहे, नाही कोण म्हणतंय, पण मोठं कारण म्हणजे पैशाकडे पैसा जातो. पगार एकेक पायरी चढतो आणि गुंतवणूक चक्रवाढीने वाढते. ७ टक्क्यांनी ठेवलेली रक्कम साधारण १० वर्षांत दुप्पट, ३० वर्षांत आठपट. अट एकच, मधे मोडायची नाही. आणि ३० वर्षं न मोडता येणं हीच तर खरी चैन आहे.

आडवा_तिडवा
सुरुवातच गल्लत करून केलीयत. संपत्ती वेगळी, उत्पन्न वेगळं. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेला ताजा ताजा डॉक्टर तुमच्या संपत्तीच्या यादीत पार तळाला सापडेल, तो गरीब आहे का? त्याच अहवालात उत्पन्नाचे आकडेही आहेत, वरच्या १० टक्क्यांना ५२ टक्के आणि खालच्या निम्म्यांना साडेआठ. वाईटच आहे, पण ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

स्वीडन बघा, समतेचं नाव निघालं की सगळे तिकडेच बोट दाखवतात. उत्पन्नात तिथे फरक कमी, पण संपत्तीत भरपूर तफावत आहे, आणि त्यांनी वारसा कर २००४ मध्ये आणि संपत्ती कर २००७ मध्ये काढूनच टाकला. म्हातारपण, शाळा, आजारपण सरकार बघत असेल तर सामान्य माणूस गाठीला फार बांधून ठेवत नाही, म्हणून त्याची संपत्ती कमी दिसते. तो काही दुःखी नाहीये.

आणि मुख्य मुद्दा, त्रास गरिबीचा असतो, विषमतेचा नाही. चीनमध्ये चार दशकांत जवळपास ८० कोटी माणसं अतिगरिबीतून बाहेर आली आणि त्याच काळात तिथली विषमता वाढली. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत का हे?

रिकामा_न्हावी
दोघांचीही पोटं भरलेली दिसतायत, चालू द्या 😀

निशिगंध
मला आकड्यातलं कळत नाही, पण मी दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते त्यामुळे रोज बघते ते सांगते. एक प्रकारचे पेशंट दर सहा महिन्यांनी येतात, दात साफ करून घेतात, बारीक कीड दिसली की लगेच भरून टाकतात, अर्ध्या तासात मोकळे. दुसरे प्रकारचे येतात तेव्हा गाल सुजलेला असतो, दोन रात्री झोप नसते. विचारलं तर म्हणतात दोन वर्षांपूर्वीच दिसला होता खड्डा, पण तेव्हा दुखत नव्हतं आणि त्या महिन्यात दुसरं काहीतरी निघालं. आता रूट कॅनाल आणि वर कॅप, म्हणजे भरण्याच्या कितीतरी पट खर्च. तो आकडा ऐकला की बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "मग उपटूनच टाका." त्यात एक जण असा होता की त्याचा पुढचाच दात होता. नंतर नोकरीच्या मुलाखतीला जाऊन आला, म्हणाला मॅडम मी सगळी उत्तरं तोंडावर हात ठेवून दिली.

म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दात स्वस्तात पडतो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ना, तसंच.

आडवा_तिडवा
निशिगंध, वाईट वाटलं वाचून, खरंच. पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे की. त्याचा दात शेजारी श्रीमंत आहे म्हणून किडला नाही, त्याच्याकडे पैसे नव्हते म्हणून गेला. त्याला पैसे मिळू द्या, शेजाऱ्याचे किती आहेत ते मोजत बसू नका.

बाकी_शून्य
आडवा_तिडवा, इतकं सरळ नाहीये ते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, पुढे संशोधक मायकल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. १८ हजारांच्या आसपास पुरुष, सगळे पक्क्या नोकरीतले, उपचार सरकारी व्यवस्थेतून. त्यात अन्नाला महाग कोणीच नव्हतं. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्यूदर सगळ्यात वरच्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. बरं साहेब विरुद्ध शिपाई एवढंच नाही, मधल्या प्रत्येक पायरीवर फरक होता, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही तो पुरता जात नव्हता. गरिबी काढून टाकली तरी शिडी उरतेच ना.

आडवा_तिडवा
ती ऑफिसातली शिडी आहे हो. कामावर स्वतःचा ताबा नसणं, दिवसभर दुसऱ्याच्या हुकमावर नाचणं, त्याने माणूस खचतो हे मार्मट यांनीच पुढे मांडलंय. ते साहेबगिरीने गेले, बँक बॅलन्सने नाही. उद्या सगळ्यांचे पगार सारखे केलेत तरी साहेब राहणारच.

तळटीप
ठीक, हे करून बघा मग, मी काल रात्री एक्सेलमध्ये केलं. १०० माणसं, प्रत्येकाकडे १०० टोकन. कुठलेही दोघे घ्यायचे आणि नाणं उडवायचं. पैज किती, तर दोघांत ज्याच्याकडे कमी आहेत त्याच्या टोकनांचा पाचवा हिस्सा. नाणं खरं, कोणी हुशार नाही, कोणी आळशी नाही, लबाडी तर नाहीच नाही. तरी खेळ चालू ठेवला की हळूहळू मोजक्या लोकांकडे ढीग जमतो आणि बाकीचे चुऱ्यावर खेळत बसतात. (मी रात्री दीड वाजेपर्यंत बघत बसलो, बायको म्हणाली शेअर बाजार आहे का.) गंमत म्हणजे दर फेरीला सगळ्यांकडून थोडा हिस्सा घेऊन सारखा वाटला तर ढीग एका मर्यादेवर थांबतो. म्हणजे वर कोण पोचला त्यावरून त्याची लायकी ठरवणं किती फसवं आहे बघा.

आडवा_तिडवा
तुमच्या खेळात कोणी काही बनवतंय का? एकाचं गेलं की दुसऱ्याला मिळतं, बास. खऱ्या जगात लोक नवीन वस्तू काढतात, टोकनच वाढतात. हा जुगार आहे, अर्थव्यवस्था नाही.

तळटीप
बरोबर आहे. तेवढा मुद्दा तुमचा.

बाकी_शून्य
लबाडीशिवाय दरी वाढते याला तर जुगारही लागत नाही. रेकॉर्डिंग यायच्या आधी प्रत्येक ठिकाणचा बऱ्यापैकी गाणारा पोटापुरतं कमवायचा कारण समोर बसून ऐकल्याशिवाय पर्याय नव्हता. आता सगळं जग सगळ्यात चांगला आवाज ऐकू शकतं, मग दुसऱ्या नंबरच्याला कोण ऐकणार? तो काही दहापट वाईट गात नाही. शर्विन रोझेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९८१ मध्येच हे मांडलं होतं, आता सॉफ्टवेअरपासून शिकवणीपर्यंत सगळीकडे तेच.

आडवा_तिडवा
म्हणजे कोणी कोणाचं लुटलेलं नाही. मग वरच्यांवर जास्त कर लावून शिक्षा कसली?

बाकी_शून्य
कराला शिक्षा म्हणायचं का हाच वाद आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात उत्पन्नाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर ९१ टक्क्यांच्या आसपास कर होता आणि देश काही बुडाला नाही.

आडवा_तिडवा
कागदावर ९१. पळवाटा इतक्या होत्या की तेवढा भरणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. १९८८ मध्ये दर २८ वर आणला तेव्हा त्यातल्या बऱ्याच बुजवल्या गेल्या, तेही सांगा की.

ते जाऊ दे. निशिगंध, तो पुढच्या दाताचा माणूस पुन्हा आला का हो? नोकरीचं काय झालं त्याच्या?

निशिगंध
नोकरीचं माहीत नाही. मागच्या महिन्यात मुलीला घेऊन आला होता, तिसरीत आहे, दाढेला मोठा खड्डा. खर्च विचारला, मग म्हणाला दुधाचीच आहे ना, पडेल आपोआप. मागे चार जण थांबले होते, मी पुढचं नाव पुकारलं.