मदत हवी आहे : गुडघा बदलल्यानंतरच्या दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चर करावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. दिवाळीनंतर आईचा उजवा गुडघा बदलला. वय पासष्टच्या पुढे, शुगर आहे. जखम वाळली, वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. अडलंय ते गुडघा वाकवण्यावर. फिजिओच्या मॅडमनी व्यायामाचा कागद दिलाय, त्यात टाच घासत मागे ओढायचा एक प्रकार आहे. दिवाणावर झोपवून टाचेखाली खताच्या पिशवीचा प्लास्टिकचा तुकडा ठेवतो, म्हणजे टाच सरकते. अर्ध्यात आली की आई पदराचा बोळा दातात धरते आणि "बस झालं रे बाप्पा" म्हणून पाय सरळ करते. अजून काटकोनही होत नाही.

गोळ्यांची पंचाईत अशी की क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं आहे, म्हणून डायक्लोफिनॅकच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी बंद म्हणजे बंद सांगितल्यात. पॅरासिटामॉलने भागत नाही. ट्रॅमाडॉल घेतली की मळमळ आणि गरगरणं, मग कसला व्यायाम! रोज वर्ध्याला फिजिओकडे न्यायचं तर एसटीची पायरी तिला चढवत नाही, आणि सध्या कापूस वेचणीला आलाय.

भेटायला येणारा प्रत्येक जण एक इलाज सांगून जातो. रुईची पानं झाली, मोहाचं तेल झालं. (काहीही लावू दिलं नाही.) आता गावातल्या दोघांनी बाजाराच्या दिवशी तालुक्याला बसणाऱ्या, सुया टोचून अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या एका सुयावाल्याचं नाव काढलं. मी जाऊन पाहिलं. माणूस बोलायला गोड, पण सुया स्टीलच्या डब्यातून काढायचा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा आणि त्याच पुढच्याला. नोंदणीचं विचारलं तर भिंतीवरची फ्रेम दाखवली, ती कसल्याशा शिबिराची.

तो माणूस बाद. पण म्हणून उपचारही बाद करायचा का? कुणी घरच्यांसाठी केलंय का? नव्या सांध्याजवळ सुई चालते का? आणि नोंदणी खरी की खोटी ते कसं पाहायचं? झाडपाला कृपया सुचवू नका, हात जोडतो.

खडीसाखर (फिजिओथेरपिस्ट, नागपूर) :
भाऊ, बाद करू नका, पण अपेक्षा बेताची ठेवा. २०१७ साली 'जामा सर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात गुडघा बदललेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांना अफूच्या जातीची वेदनाशामकं थोडी उशिराने लागली. तुमची ट्रॅमाडॉल त्याच घरातली. पण तो आढावा दुखण्याचा आणि औषधांचा होता. गुडघा किती वाकतो हा त्याचा विषय नव्हता. वाकवायला व्यायामच लागेल, सुई फार तर तो सुसह्य करेल.

शुगर आणि आत नवा सांधा, म्हणजे जंतुसंसर्ग सगळ्यात महाग पडतो. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गुडघ्याच्या आसपास सुई नको. हात, कान, दुसरा पाय इथेही सुई टोचायचे बिंदू असतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा. सुई सीलबंद पाकिटातली, तुमच्यासमोर फोडलेली आणि एकदाच वापरायची.

आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा २०१५चा आहे आणि नोंदणी महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे होते. त्यांचा नोंदणी क्रमांक मागा. शिबिराचं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे.

मळमळीसाठी एक सुचवते. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन ताठ दोऱ्यांसारख्या लागणाऱ्या स्नायुबंधांच्या मध्ये एक बिंदू आहे, पी-६ म्हणतात. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचे अभ्यास चांगले आहेत. ट्रॅमाडॉलच्या मळमळीला चालेलच असं नाही, पण बोटाने दाबायला पैसे लागत नाहीत. पॅरासिटामॉल व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. आणि गुडघ्याखाली उशी ठेवत असाल तर आजच काढा, गुडघा सरळ होणं अडतं.

वावरवाला :
भाऊ, माह्या बुढ्याचाही गुडघा असाच अडला होता. सुया नाही केल्या, बर्फानं लय फरक पडला. फडक्यात गुंडाळून लाव, नुसता नको. अन् पोटरी सुजली, दुखली, नाहीतर ताप आला तर गावात टाइम नको घालवू, सीधा दवाखान्यात ने.

धागाकर्ता :
दोघांचे आभार. उशी होतीच, काढली. ताप नाही, पोटरीही ठीक आहे. डिस्चार्ज कार्डवर रक्त पातळ करायची गोळी लिहिलेली दिसते, ती अजून घ्यायची का ते दाखवायला नेईन तेव्हा सुयांच्या परवानगीसोबतच विचारतो. वर्धा किंवा पुलगावकडे परिषदेची नोंदणी असलेलं कुणी माहीत असेल, तर इथे नाव न लिहिता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.