मदत हवी आहे: नोकरीत असताना त्याच धंद्यात उतरलो तर कंपनी कोर्टात खेचू शकते का?

हवेचा_दाब: लवकर सांगा, सोमवारी राजीनामा टाकायचाय. नऊ वर्षं एअर कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसला आहे. आता तेच काम स्वतःचं सुरू करतोय. साहेबांना कुणकुण लागली, म्हणाले, "कोर्टात खेचीन." खेचू शकतात का? हो की नाही एवढंच हवंय.

वाटसरू: नेमणूकपत्रात काय लिहिलंय? नोटीस किती? कामं घ्यायला लागलात का?

रोखठोक: करार कायदा १८७२, कलम २७. धंदा करायला बंदी घालणारा करार रद्दबातल. बिनधास्त करा.

जुनी_सभासद: रोखठोक, अर्धं सांगून माणसाला खड्ड्यात घालू नका. ते नोकरी सुटल्यानंतरचं झालं. १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीनंतरची बंदी मानली नाही, हे खरं. पण १९६७ च्या सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यात कराराची मुदत चालू असतानाची बंदी उचलून धरली होती. पगार चालू आहे तोवर मालकाच्या विरुद्ध धंदा करता येत नाही.

रोखठोक: म्हणजे नोकरदाराने धंद्याचा विचारही करायचा नाही?

जुनी_सभासद: विचार करा, जागा बघा, बँकेत चौकशी करा. ती तयारी झाली. कंपनीची गिऱ्हाइकं वळवणं म्हणजे तयारी नव्हे.

एकमार्गी: बायकोच्या नावावर काढा. मी तसंच केलं, सहा वर्षं झाली, कोणी विचारलं नाही.

वाटसरू: कोणी विचारलं नाही म्हणजे बरोबर होतं असं नाही. फोन यांनीच उचलायचे आणि नाव बायकोचं, उद्या तिलाही नोटीस येईल.

हवेचा_दाब: फर्म बायकोच्याच नावावर आहे, जीएसटी नंबरही घेतलाय. दोन गिऱ्हाइकांना कोटेशन दिलंय, पण रात्री, घरून. गिऱ्हाइकांची यादी आणि एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) दर स्वतःच्या मेलवर पाठवलेत. नेमणूकपत्र सापडत नाहीये.

हिशेबनीस: निव्वळ सेवा असेल तर बहुतेक राज्यांत वार्षिक २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. उगाच घेतलीत. चालू खातं उघडलं का?

जुनी_सभासद: अहो, हे आधी सांगायचं! कोटेशन रात्री दिलं म्हणून काही फरक पडत नाही, नोकरीत तर होतातच. आणि खरी अडचण त्या मेलची आहे. नऊ वर्षांत हात बसला तो तुमचा, गिऱ्हाइकाशी ओळख तुमची, पण यादी आणि दर कंपनीचे. कलम २७ तिथे वाचवणार नाही. घाबरून मेल उडवू नका, पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल. यादी वापरू नका, कोटेशन मागे घ्या आणि वकिलाला दाखवून मगच राजीनामा लिहा.

रोखठोक: मेलचं मला माहीत नव्हतं. हे पटलं.

हवेचा_दाब: एकाने कोटेशन मान्य केलंय. त्यांचं मशीन कालपासून ट्रिप होतंय, म्हणजे आपोआप बंद पडतंय, लाइन बंद आहे. सारखा फोन येतोय. त्यांना काय सांगू?

वाटसरू: कंपनीत कॉल नोंदवा आणि कंपनीचा माणूस म्हणून जा. लाइन बंद आहे त्यांची, आत्ता नोंदवा.

हवेचा_दाब: नोंदवला. सकाळी मीच जातोय. कोटेशन रद्दचा मेलही केला. नेमणूकपत्राची कॉपी उद्या एचआरकडे मागतो आणि इथे टाकतो.

जुनी_सभासद: टाका, पण नावं झाकून.