बालशिक्षणाच्या पदविकेआधी तयारी कसली हवी?

सागरवेल, रत्नागिरी :
बारावीनंतर बालशिक्षणाच्या पदविकेची चौकशी करणाऱ्या मुलींना आमच्याकडे बहुधा एकच सल्ला मिळतो : बडबडगीते पाठ करा, हस्तकला शिका, आवाज गोड ठेवा. हे सारे उपयोगी असले, तरी खरी तयारी मुलाकडे शांतपणे पाहता येणे आणि पाहिलेले नेमके लिहिता येणे ही आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलीने आधी निदान एक पावसाळा गावातल्या अंगणवाडीत जाऊन बसावे. कोणते मूल कोणाशेजारी बसते, कोण चिखल हातात घेते आणि कोण मागे सरते, आई मासळी विकायला पहाटेच गेलेली असेल त्या दिवशी मूल कसे वागते, याच्या नोंदी तिने रोज आपल्या शब्दांत कराव्यात. ‘मूल हट्टी आहे’ ही नोंद नव्हे. ‘दुसऱ्याने करवंटी घेतल्यावर ते दाराशी जाऊन बसले आणि गोष्ट सुरू झाल्यावर परत आले’ ही नोंद होय.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये याच किनाऱ्यावर, डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा वस्तीवरची मुले शाळेपर्यंत येत नव्हती, कारण धाकटी भावंडे सांभाळणे आणि गुरे राखणे ही कामे त्यांच्याकडे होती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे पाहिले, म्हणूनच शाळा मुलांच्या अंगणात गेली आणि पुढे कोसबाडला गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली.

खाडीकाठ, चिपळूण :
ताई, आपल्या कळकळीबद्दल आदर ठेवून मी विरोध नोंदवतो. ताराबाई बोर्डीला आल्या त्या गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला केलेल्या कामाची आणि मुलाने वस्तू स्वतः हाताळून शिकावे असे मानणाऱ्या माँटेसोरी पद्धतीच्या अभ्यासाची शिदोरी घेऊन, हे आपल्या मांडणीतून सुटले आहे. चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरता येत नाही, हे कोणालाही दिसते. परंतु बोटांचे लहान स्नायू अजून तयार व्हायचे आहेत आणि त्यासाठी कणीक मळणे, चिंचोके निवडणे, कागद फाडणे अशी कामे द्यायची असतात, हे वाचल्याशिवाय कळत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो त्याच मुलाचा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतो. म्हणून अकरावी-बारावीत मानसशास्त्र किंवा बालविकास हा विषय असावा आणि इंग्रजी संदर्भग्रंथ सावकाश का होईना, वाचण्याची सवय लागावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे या शिक्षिकेला खेळापासून दुसरीच्या वाचन-गणितापर्यंतची वाट माहीत असावी लागणार.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एक पावसाळा विनामोबदला बसणे कोणाला परवडेल? ज्या घरात शेतीच्या दिवसांत लावणीला प्रत्येक हात लागतो, त्या घरातल्या मुलीला तर नाहीच. अंगणवाडी सेविकेला आजही मानधनच मिळते आणि तिचा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क मान्य होण्यासाठी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. अशा क्षेत्राच्या दारातच आणखी एक फुकट सेवा ठेवू नये.

माडबाग, देवगड :
दोघांकडूनही भाषेचा मुद्दा राहिला. आमच्या भागात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे राहतात, त्यांची मुले अंगणवाडीत येतात, आणि शेजारचे मूल मालवणी बोलत असते. अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलीला घरची बोली चारचौघांत न लाजता बोलता यावी आणि भाषा कळत नसलेल्या मुलाबरोबर हावभाव, चित्रे व वस्तू यांच्या आधारे अर्धा तास खेळता यावे. बोलीला हसणारी शिक्षिका मुलाला गप्प बसवते, हे मी जवळून पाहिले आहे.

सागरवेल, रत्नागिरी :
माडबाग यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. खाडीकाठ सर, सिद्धांताला माझा विरोध नाही, परंतु क्रमाविषयीचे माझे मत कायम आहे. मूल समोर पाहिलेले असले, तरच स्नायूंवरचा धडा वाचताना डोळ्यांपुढे कोणाचा तरी हात येतो. नाहीतर तो धडा परीक्षेपुरता पाठ होतो. मोबदल्याबाबत मात्र मी आपल्याच बाजूची आहे. आठवड्यातून एक सकाळ, जाण्यायेण्याचा खर्च आणि विद्यावेतन देऊन ही व्यवस्था प्रवेश देणाऱ्या संस्थेने करावी.

खाडीकाठ, चिपळूण :
विद्यावेतन असेल, तर माझा दुसरा आक्षेप मी मागे घेतो. पहिला कायम आहे : त्या सकाळी मुलीसोबत नोंदी तपासणारी अनुभवी शिक्षिका बसलेली नसेल, तर ‘हट्टी’ हाच शब्द वहीत पुन्हा पुन्हा येत राहील, आणि तो चुकीचा का आहे हे तिला सांगणारे तिथे कोणी नसेल.